अष्टेकर सर आणि चंपूची पाठ

अष्टेकर सरांनी माझा चेहरा कधी नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. माझाच काय, शाळेतल्या कुणाचाच पाहिला नसेल. ते माणसं पाठीवरून ओळखत. काचीगुडा स्टेशनच्या गर्दीत, लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाड्यापाशी मागून आवाज यायचा, "शकुंतला, डावा खांदा पडला," आणि मी, दोन पोरांची आई, टेलिफोन खात्यातली नोकरदार बाई, हातातली पिशवी खाली ठेवून आधी खांदा उचलायची आणि मग वळून नमस्कार करायची.

सर आमच्या मराठी शाळेत ड्रिल शिकवत. हैदराबादेतल्या मराठी शाळेत पोरांचं बरंच काही कच्चं राहायचं. घरी मराठी, गल्लीत उर्दू आणि बाजारात तेलुगू, अशा तीन घरच्या पाहुण्यांना शुद्धलेखन कुठून येणार? ते सगळं सरांना चालत असे. पाठ कच्ची राहिलेली चालत नसे. गणित चुकलं तर एक उत्तर चुकतं, पाठ चुकली तर अख्खा माणूस चुकतो, हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की गणिताचे सर त्यांच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हते.

पांढरी इस्त्रीची पँट, कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी हा त्यांचा वेष निवृत्तीनंतरही सुटला नाही. बरकतपुऱ्यात ते आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. आमच्याकडे आले की खुर्चीत बसत, पण टेकत नसत. माझ्या नवऱ्याने एकदा आग्रह केला, तर म्हणाले, "खुर्चीला पाठ कशाला पाहिजे? माणसाला आहे ना." तेव्हापासून सर असेपर्यंत माझा नवराही खुर्चीच्या काठावर बसायचा आणि सर गेल्यावर कंबरेला बाम लावायचा.

त्यांचा मुलगा प्रकाश नुकताच अमेरिकेला गेला होता. त्याने लाल गाडीला टेकून काढलेला फोटो पाठवला, तो सुमनकाकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, सगळ्या बिल्डिंगला दाखवला. सरांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, गाडी ह्याची नाही. स्वतःची असती तर टेकला नसता, पुसत असता. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. पुढे प्रकाशच्याच पत्रातून कळलं की गाडी शेजाऱ्याची होती.

त्या सुमारास देशाचा बाजार मोकळा झाला असं पेपरात येत होतं. आमच्याकडे तो मोकळा झाला म्हणजे काय झालं, तर बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट आली, शाळेतला ड्रिलचा तास काढून तिथे कॉम्प्युटरचा तास आला आणि दिलसुखनगरला कोचिंग क्लासच्या इमारती उगवल्या. सर एका संध्याकाळी तिकडून आले ते हादरूनच. त्या इमारतीतून पोट्ट्यांचा लोंढा बाहेर पडला आणि त्यात एकाची पाठ सरळ नव्हती, सगळे जणू विहिरीत वाकून बघतायत, असं सांगत होते. दुसऱ्या दिवशी ते क्लासच्या मालकाला भेटले आणि रोज सकाळी फुकट ड्रिल घेण्याची तयारी दाखवली. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, परीक्षेत ह्याला मार्क किती? सर म्हणाले, मार्क नाहीत. मालकाने त्यांना चांगला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत पोचवलं.

आता घरात बसून सर करणार काय? स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या काकूंची कंबर सुधारू लागले. काकूंचं डोकं फिरायच्या बेतात होतं, तेवढ्यात व्यंकटेशम आला.

व्यंकटेशम म्हणजे मागच्या गल्लीतला बिल्डर. आधी वाळूच्या लॉऱ्या पाठवायचा, आता शहराच्या कडेला अपार्टमेंट बांधत होता. त्याच्या इमारतींना पुढून संगमरवर असायचा आणि मागून गिलावासुद्धा नसायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त पुढून बघायचा असा होता. त्याच्याकडे नवी गाडी आली, गच्चीवर डिश आली, आणि ह्या दोन गोष्टींनंतर जे यायलाच पाहिजे ते अल्सेशियनचं पिल्लू आलं, वंशावळीच्या कागदासकट. व्यंकटेशमला स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगता आलं नसतं, कुत्र्याच्या पणजोबांचं तो जर्मन उच्चार करून सांगायचा. पिल्लाने अजून काहीही जिंकलेलं नव्हतं, तरी त्याचं नाव त्याने चॅम्पियन ठेवलं होतं. ह्याला डिसिप्लिन शिकवायला माणूस पाहिजे होता, आणि सरांची शिट्टी त्या गल्लीत सगळ्यांनी ऐकलेली होती.

सरांना कुत्री आवडत नसत, कारण ती कुठेही कशीही बसतात. पण काकूंनी त्यांना अक्षरशः दाराबाहेर ढकललं. चार दिवसांत चॅम्पियन दिवसभर वरच्या मजल्यावर दिसू लागला. व्यंकटेशमच्या घरी सगळ्यांना कामं होती, कुत्र्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. काकूंनी त्याला दहीभात लावला आणि त्याचं नाव चंपू करून टाकलं. पाळीव काहीही घरात येऊ देणार नाही म्हणणारे सर दुपारी चटईवर पालथे पडून पेपर वाचत आणि चंपू त्यांच्या पोटरीवर हनुवटी ठेवून झोपे. सर पालथे पडले आहेत, हे मी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर मात्र ड्रिल म्हणजे ड्रिल. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर रोज सकाळी शिट्टी व्हायची. चंपू वर्षभरात असा तयार झाला की सर 'सावधान' म्हणाले की चारी पाय चौरंगाच्या पायांसारखे रोवून उभा राहायचा. सर त्याच्या पाठीवर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवत आणि स्वतः घरी जाऊन चहा पिऊन येत. पाणी सांडत नसे. चहा घेतल्यावर पेला उतरवून तेच पाणी त्याला पाजत.

मग पहिला डॉग शो आला. मैदानावर तंबू, कर्ण्यावर इंग्रजी, आणि बायका अशा नटलेल्या की कुत्री दाखवायला आणली आहेत की आपण स्वतः आलो आहोत ह्याचा त्यांचाच गोंधळ झालेला. मी आणि काकू रिंगणाच्या कडेला होतो. अल्सेशियनांचा वर्ग सुरू झाला आणि सरांचा चेहरा पडला. बाकीच्या सगळ्या कुत्र्यांच्या पाठी खांद्यापासून शेपटीपर्यंत उतरत गेलेल्या, पत्र्याच्या छपरासारख्या. सरांना मनापासून वाईट वाटलं. शेजारच्या टायवाल्या गृहस्थाच्या कानाशी लागून ते म्हणाले की ह्याची हाडं नरम राहिली आहेत, दूध देत जा, अजून वेळ गेलेली नाही. तो गृहस्थ मागच्या वर्षीच्या विजेत्या कुत्र्याचा मालक होता.

सरांनी चंपूला सावधान केलं. परीक्षकाने त्याच्या सपाट पाठीवरून हात फिरवला, हसला, आणि त्याला रांगेत शेवटी पाठवलं.

परतताना आम्ही व्यंकटेशमच्याच गाडीत होतो. बरकतपुरा आल्यावर तो म्हणाला, "सर, सबके कुत्तों का पीठ कैसा उतार पे है, अपनाच टेबल के जैसा कायकू?" सरांनी सांगितलं की टेबलासारखी असणं हेच बरोबर आहे. व्यंकटेशमने मान हलवली. आणखी एक संधी देतो, म्हणाला, पुढच्या शोला नंबर आला नाही तर हयातनगरच्या साइटवर नेऊन साखळीला बांधतो, निदान सिमेंटची राखण करेल.

काकू पुढच्या सीटवरून मागे वळल्या नाहीत. पण घरी पोचल्यावर त्यांनी चंपूला त्या दिवशी दहीभातावर तूपही घातलं.

सरांच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. शो संपल्यावर तंबूमागे त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. पहिला आलेला कुत्रा पाणी प्यायला नेला, त्याने अंग झटकलं, चारी पाय जिथे पडले तिथे टाकून उभा राहिला, आणि त्याची पाठ सपाट झाली. सर त्याच्यामागे मैदानभर फिरले. मालकाने पुन्हा उभा केला की उतार यायचा, सोडला की जायचा.

दोन दिवसांनी ते आमच्याकडे आले ते थेट जमिनीवर ओणवे झाले. साठीचा माणूस, पांढऱ्या पँटीत, आमच्या हॉलमध्ये चार पायांवर. माझ्या नवऱ्याने त्यांचा एक पाय धरून मागे ताणायचा, दुसरा पोटाखाली सारायचा आणि मी मान वर धरायची, असं ठरलं. "आता बघ, कंबर खाली गेली की नाही? खांदा उंच दिसतो की नाही? हाड जिथल्या तिथं आहे, शकुंतला. उतार कुत्र्यात नाही, उभं करण्यात आहे." नेमक्या त्याच वेळी काकू वाटीभर साखर मागायला दारात आल्या. त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं, साखर न घेता वर गेल्या, आणि त्याबद्दल आयुष्यात एक शब्द विचारला नाही. ह्याला मी थोर संसार म्हणते.

रिंगणात कुत्रा उभा राहत नाही, त्याला उभं करतात, एवढं सरांना कळलं. पण कळणं आणि करणं ह्यात त्यांचं सगळं आयुष्य आडवं पडलं होतं. तीस वर्षं पाठी सरळ केल्या आणि आता एका सरळ पाठीला खोटा उतार द्यायचा? ते जेवेनासे झाले. तत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणायला लागले. काकूंनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाल्या, "मग तुमच्या तत्त्वाला बांधा साइटवर. चंपूला नको." सर जेवले, आणि हात धुऊन चंपूला घेऊन प्लॉटवर गेले.

सर एकदा शिकवायला लागले की कच्चं शिकवत नसत. चंपूचा डावा मागचा पाय लांब, नडगी उभी. उजवा पोटाखाली. पट्टा हलकेच वर, मान ताठ. पाठ अशी सुरेख उतरायची की बघणाऱ्याला वाटावं, जन्मतःच घेऊन आला. पुढच्या शोला तो दुसरा आला आणि त्यापुढच्या दोन्हींना पहिला. व्यंकटेशमच्या शोकेसमध्ये कप बसले. त्याच्या नव्या इमारतीच्या जाहिरातीत संगमरवरी पायऱ्यांवर चंपू उभा राहिला, उतरत्या पाठीने, मावळत्या सूर्याकडे बघत. इमारत अजून पायाच्या वर आलेली नव्हती.

साइटचं नाव निघेनासं झालं, म्हणून काकू खूश होत्या. सर खूश नव्हते. त्यांच्या नजरेला तो उतार सगळीकडे दिसायला लागला होता. चिक्कडपल्लीला एका मुलीच्या लग्नात नवरामुलगा स्टेजवर कसा उभा आहे ते पाहून ते मला म्हणाले, ह्याचा पाय सोडवा आणि मग बघा. एकदा तर चंपूचं पिल्लू घ्यायला एक गृहस्थ बायकोला घेऊन व्यंकटेशमकडे आले आणि पाठीचं फार कौतुक करायला लागले. सरांना राहवलं नाही. त्यांनी वाकून चंपूचा मागचा पाय उचलला आणि पुढे ठेवला. ही होती ती पाठ, म्हणाले, आणि ही गेली. त्या बाईंनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने नकळत पोट आत घेतलं. पिल्लू त्यांनी घेतलं नाही, आणि व्यंकटेशमने सरांना पाहुण्यांसमोर येऊ नका म्हणून बजावलं.

खरी पंचाईत पुढेच होती. चंपू आता न सांगता उभा राहायला लागला. दारात पोस्टमन आला, पाय मागे. काकूंनी दहीभाताची थाळी आणली, पाय मागे. मी नुसतं "काय रे चंप्या" म्हटलं तरी तो मान ताणून दूर कुठेतरी बघायला लागायचा. आम्ही हसायचो. सर हसत नसत. बघणारं कुणी असलं की ह्याला नुसतं उभं राहता येत नाही, हे मी केलं, असं ते म्हणत आणि बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसत.

त्या हिवाळ्यात चंपू उठताना कण्हू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी खुबा तपासला आणि सांगितलं, ह्या जातीत हे असतं, फार पळवू नका आणि मागचा पाय ताणू देऊ नका. सरांनी ते व्यंकटेशमला सांगितलं. मोठा शो महिन्यावर आला होता, बाहेरगावचे परीक्षक येणार होते, इमारतीचं बुकिंगही तेव्हाच उघडणार होतं. व्यंकटेशमने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, एवढा एक शो होऊ दे, मग आरामच आराम. आणि नाही जमलं तर साइट आहेच.

शोच्या सकाळी मी आणि काकू पुन्हा रिंगणाच्या कडेला होतो. काकूंनी माझा हात धरला होता. चंपू बाकीच्यांबरोबर एक फेरी पळाला, लंगडला नाही. मग सगळे उभे राहिले. परीक्षक चंपूकडे यायला लागला तसा त्याने शिकवल्याप्रमाणे डावा पाय मागे टाकला. पाठ उतरली, मान वर गेली, फार देखणा दिसला. मांडी मात्र थरथरत होती. लांबून दिसत नव्हती, पण आम्ही जवळ होतो.

सर खाली बसले. त्यांनी तो पाय एका हाताने धरला, पुढे आणला आणि पोटाखाली नीट ठेवला. चंपूने पुन्हा मागे नेला. सरांनी पुन्हा आणला, आणि ह्या वेळी हात काढलाच नाही. दुसऱ्या हाताने पट्टा सोडून दिला. चंपू मान खाली घालून सरांचा कान हुंगत उभा राहिला. परीक्षक थोडा थांबला, त्याने पाहिलं आणि पुढे गेला. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. शेजारची बाई विचारत होती की ह्यांच्या कुत्र्याला काय झालं.

नंबर शेवटचा आला. व्यंकटेशम ओरडला नाही, ते बरं वाटलं नाही. चंपूला त्याने संध्याकाळीच साइटच्या लॉरीत चढवला. सर त्याच्या घरी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं. कुत्रा मला द्या, म्हणाले. व्यंकटेशम म्हणाला, "चॅम्पियन को दान में देऊं क्या सर? लोगां क्या बोलते? वो ड्यूटी पे है." म्हणजे चॅम्पियन हरला असं लोकांना दिसायला नको होतं.  मग सरांनी विचारलं की साइटवर राखणीला माणूस पण लागत असेल ना.

बरकतपुऱ्यातल्या मराठी मंडळींना हे पचलं नाही. ज्यांच्या तीन पिढ्या सरकारी नोकरीत आणि वकिलीत गेल्या त्यांच्यातला एक शिक्षक बिल्डरच्या साइटवर वॉचमन? तिथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत विषय निघाला. एकाने सुचवलं की 'साइट सुपरवायझर' म्हणायला हरकत नाही, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. सरांना ते कळलं तेव्हा म्हणाले, मी वॉचमन आहे. काकू रोज दुपारी दोन डबे घेऊन हयातनगरच्या बसमध्ये बसायच्या. एका डब्यात दहीभात असायचा, एवढं कंडक्टरलाही माहीत होतं.

पुढे काही वर्षांनी माझ्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली, त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही सरांना भेटायला साइटवर गेलो. दुपार होती. अर्ध्या उभ्या राहिलेल्या इमारतीच्या सावलीत, वाळूच्या ढिगाशेजारी सर खाटेवर आडवे होते. चंपू खाली, मोकळा. चांगलाच म्हातारा झाला होता. आम्हाला बघून तो कण्हत उठला, शेपटी हलवत दोन पावलं आला आणि थांबला. चार पाय चार दिशांना पडलेले, मान खाली, पाठ सपाट, मध्ये जराशी खचलेलीच. सर बोलत होते ते काकूंच्या गुडघ्यांबद्दल आणि प्रकाशच्या लग्नाबद्दल. माझ्या खांद्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

तेवढ्यात व्यंकटेशमची गाडी आली. फ्लॅट बघायला एक कुटुंब बरोबर होतं, चांगल्या कपड्यांतलं. त्यातल्या गृहस्थाने चंपूकडे बोट दाखवून विचारलं की जाहिरातीतला कुत्रा तो हाच का. व्यंकटेशम गडबडला. गॉगल काढून, शोच्या दिवसांत बोलायचा त्याच अदबीने तो सरांना म्हणाला, "सर, पार्टी आई. जरा खडा करो ना उसकू."

सर खाटेवरून उठले नाहीत. त्यांनी चंपूकडे पाहिलं, मग त्या पाहुण्यांकडे.

"खडाच तो है," म्हणाले.